गल्लीकडचा झरोका

कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानाचं घर करताना त्रिंबकरावांनी इतकं काही जपलं, की वत्सलाबाई वैतागून म्हणाल्या, आता मलाही पाटी लावून भिंतीशी उभी करा. दाराच्या सागवानी फळ्या तशाच होत्या. धान्य तोलायच्या ताजव्याचा आकडा तुळईला होता, त्याला आता दिवा टांगला होता. गिऱ्हाइकांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेल्या फळीचं जेवायचं टेबल झालं होतं, आणि त्या टेबलाशी बसून आल्यागेल्याला दुकानाची कहाणी ऐकवल्याशिवाय त्रिंबकराव चहाचा कप हातात देत नसत.

नांदूरघाटच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात एवढं जुनं दुसरं काही उरलंही नव्हतं. इमारत त्यांच्या घरची. वडिलांनी, भगवानरावांनी, ती गावच्या सोसायटीला भाड्यानं दिली आणि दुकान स्वतःच चालवलं. बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलो, परदेशातून आलेली ती रेशनची ज्वारी, इथंच मिळायची. भगवानरावांनी गाव जगवलं असं लोक अजून म्हणतात, आणि ते खोटं नाही.

जपली नाही ती एकच गोष्ट. गल्लीकडच्या भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर वीतभर झरोका होता. त्यातून पत्र्याची पन्हळ बाहेर काढलेली असायची. गाव पुढच्या फळीवरून धान्य घ्यायचं. भीमनगरातल्या माणसांना पन्हळीतून मिळायचं. आतून मापानं ओतायचं, बाहेर त्यांनी झेलायचं, कुणाचा हात कुणाला लागायला नको. ते लोक बौद्ध होऊन पुष्कळ वर्षं झाली होती. सोसायटीत त्यांचेही शेअर होते, वार्षिक सभेत तेही सन्माननीय सभासद होते. सभासदाचा मान सभेपुरता, धान्याला मात्र गल्ली.

पन्हळ त्रिंबकरावांनी भंगारात घातली. झरोका विटांनी बुजवून गिलावा केला. उंदीर येतात, असं गवंड्याला सांगितलं. खरं कारण त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. यंदाही पाऊस दडी मारून बसलेला, अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, उरलेलं टँकरपाशी. अशात ओल्या गिलाव्याला पाणी मारणं म्हणजे चोरीच. ते उजाडता उजाडता पिंपातलं पाणी तांब्यानं भिंतीवर शिंपडायचे. एकदा टँकरची घागर घेऊन गल्लीतून चाललेल्या भीमनगरातल्या सरूबाईंनी त्यांना पाहिलं. क्षणभर थांबल्या, "भिंतीला लई तहान लागलीय का काय, भाऊ," म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्रिंबकरावांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

पुढं जिल्ह्याच्या गावाहून जुन्या वास्तूंची नोंद करणारे लोक आले. घर पाहून खूष झाले. बाहेर पाटी लावू म्हणाले. गाव जमलं, त्यात सरूबाईही आल्या. बरोबर त्यांची लेक अंजना होती, केजला शाळेत शिकवणारी. सगळं पाहून झाल्यावर अंजनानं विचारलं, की आई सांगते तो गल्लीकडचा झरोका कुठं आहे? पाहुणे लगेच त्रिंबकरावांकडे वळले.

तसं काही इथं नव्हतं, असं त्रिंबकराव म्हणून गेले. सरूबाई तेव्हा लहान होत्या, दुसरीकडचं काही आठवत असेल, हेही वर जोडलं. अंजनानं आईकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाच्या विसरण्याला आपण ज्या मायेनं सांभाळून घेतो, तसं पाहिलं. ती नजर त्रिंबकरावांना लागली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

त्या दिवशी त्या टेबलावर त्यांनी ताट अर्धवट सोडलं. वत्सलाबाईंनी ताट उचलता उचलता विचारलं, "मामंजींचं नाव राखायला खोटं बोललात, का तुमचं?" वडिलांनी गाव जगवलं हे खरं, आणि पन्हळही खरी. बापाचा बरा अर्धा भाग दाखवायला ठेवायचा आणि त्याला वारसा म्हणायचं, हे आपण केलं, एवढं त्यांना कळलं. मग अपराधानं त्यांना धड बसू दिलं नाही.

सकाळी ते भीमनगरात गेले. सरूबाई दारातच होत्या.

"सरूबाई, मी काल खोटं बोललो. झरोका व्हता. मीच बुजवला."

"ठावं हाय की. पानी मारताना बघितलं न्हाई का मी."

"मग काल बोलला कावून न्हाईत?"

"घर तुमचं. मी काय बोलू?" सरूबाई म्हणाल्या. "पर लेकीला मी लहानपणापसून सांगत आले, माझी माय तिथं उभी ऱ्हायची. मायच्या संगं मीबी. काल घरी आल्यावर पोरगी म्हनली, आई, तुला भास झाला आसंल."

त्रिंबकरावांनी मान खाली घातली. आपल्याला लाज वाटली म्हणून बुजवला, असं ते कसंबसं म्हणाले.

"लाज तुमाला वाटली, भाऊ. उभ्या आमी ऱ्हायलो. तुमच्या लाजंपायी आमचं उभं ऱ्हानं पुसायचं व्हय?"

ते घरी आले आणि गवंड्याला न बोलावता हातोडी घेतली. म्हातारपणाचे हात, गिलावा नवा, त्यात चोरून पाणी पाजून पक्का केलेला. अंगठा सोलला, घाम डोळ्यांत गेला, पण शेवटची वीट निघाली आणि गल्लीतला उजेड आत आला. वत्सलाबाईंनी खाली पडलेला चुरा मुकाट्यानं भरला. मग त्यांनीच सरूबाईंना आणि अंजनाला निरोप धाडला.

दोघी आल्या त्या गल्लीतूनच. पन्हळ कुठं यायची, माय कुठं उभी राहायची, सरूबाई लेकीला सांगत होत्या. त्रिंबकराव आत झरोक्यापाशी उभे होते, भगवानराव उभे राहायचे तिथंच.

"आन् मग आसं," सरूबाई म्हणाल्या. सांगता सांगता त्यांच्या दोन्ही हातांनी पदर धरला आणि झरोक्याखाली ओटी पसरली.

त्रिंबकरावांना आतून तेवढंच दिसलं. पदर आणि दोन हात. चेहरा दिसत नव्हता; झरोक्यातून तो दिसतच नसे. बाबांनी सगळा दुष्काळभर एकही चेहरा न पाहता धान्य ओतलं होतं. ते वाकले, गुडघ्यावर बसले, तेव्हा कुठं त्यांना सरूबाईंचे डोळे दिसले.

"सरूबाई, पुढच्या दारानं आत या," ते म्हणाले.

"येते, भाऊ. आदी तिला नीट बघू द्या."

आणि त्यांनी पदर तसाच धरून ठेवला.