गामताईचा आवाज

“मला मासे विकायचेत,” ती म्हणाली.

मी रावसाचे खवले काढत होते. मान वर केली तर समोर एक उंच, गोरीपान मुलगी. हातात कागदाचा चिटोरा, नाकाचा शेंडा उन्हानं लालबुंद.

“काय करायचंय?”

“विकायचेत. एक रावस.”

आमच्या चिनी भाषेत घेणं आणि विकणं हे एकाच शब्दाचे दोन सूर. शेवटाला आवाज वर चढवला की घेणं, सपाट ठेवला की विकणं. तिनं सपाट ठेवला होता. समोरच्या गाळ्यावरची फेईवहिनी पोट धरून हसायला लागली. “घे गं गामताई, भागीदारीण आली तुला!”

माझ्या अंगात तेव्हा खोडी फार. मी माझा रबरी एप्रन सोडला आणि तिच्या गळ्यात अडकवला. “विकायचेत ना? मग वीक. ये, उभी राहा इथं.”

दुसरी कुणी असती तर पळून गेली असती. हिनं चिटोरा खिशात कोंबला आणि निमूट ओट्यामागे येऊन उभी राहिली. पहिल्याच तासात दोन पापलेटं आणि शेरभर तिसऱ्या तिनं विकल्या. विकल्या म्हणजे काय, गोरी मुलगी मासे तोलतेय हे बघायला आमचं सगळं शाउकेईवान बंदर लोटलं होतं.

नाव सिर्का. फिनलंडची, तेवीस वर्षांची. चढावरच्या मिशनमध्ये राहायची आणि रोज दुपारी यिप मास्तरांकडे आमची भाषा शिकायची. आठ महिने झाले होते आणि वर्गात तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मास्तर म्हणजे बाकावर बसण्याआधी रुमालानं बाक झटकणारा माणूस. एक सूर चुकला की डोळे मिटून घ्यायचे, दात दुखल्यासारखे.

“ते डोळे मिटतात आणि मी मरते,” असं ती एकदा मला म्हणाली. खरं तर ‘मी चार’ म्हणाली होती. मरण आणि चार यांतही सुराचाच फरक. पण मला कळलं.

ईस्टरच्या आधी मास्तर तिची परीक्षा घेणार होते. नापास झाली तर मिशन तिला कचेरीत टाइप करायला बसवणार होतं, इंग्रजीत. “मग माणसांशी बोलायचंच नाही,” ती म्हणाली. “त्यासाठी का आले एवढ्या लांब?”

मंगळवार-शुक्रवार सकाळी ती माझ्याकडे यायला लागली. सूर किती आणि कुठले, ते मला कुठं ठाऊक? मी आपली सांगायची, “हा शब्द म्हण, जिन्यात पाय घसरल्यासारखा. आणि हा म्हण, सासूनं हाक मारल्यासारखा.”

“मला सासू नाही.”

“म्हणूनच तुला तो सूर येत नाही!”

मधेच ती मला तिच्या देवाबद्दल सांगायला बघायची. मी गल्ल्यावरच्या तिनहाऊकडे बोट दाखवायची. दर्यावरच्या माणसांना तीच सांभाळते. “आमची देवी इथं आधीपासून आहे. तुझ्या देवाला म्हणावं, रांगेत ये.” सिर्का हसायची, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा सांगायला बघायची. चिकाटी होती पोरीत.

फेब्रुवारीत माझा घसा बसला तो उठेचना. डॉक्टरांनी आत बघितलं. गाठी होत्या, त्या काढल्या. घरी सोडताना म्हणाले, “महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही.”

मासळीबाजारात मुकी बाई! तीस वर्षं माझी हाक पार ट्रामच्या थांब्यापर्यंत जायची. बोलता येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक फेईवहिनीकडे वळणार, हे मी धरूनच चालले होते. पहिल्या सकाळी गाळ्याची फळी उघडली, तर सिर्का आधीच हजर. मी हातानं विचारलं, परीक्षा? दहा दिवसांवर आली होती.

“तुम्ही गप्प बसा,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलंय.”

आणि तिनं हाक दिली. पहिली हाक फाटली. दुसरी अशी गेली की फेईवहिनीच्या हातातला सुरा थांबला. शब्द माझे, ओढ माझी, शेवटचा हेलसुद्धा माझाच. जन्मात मी माझा आवाज बाहेरून ऐकला नव्हता. कोळंबीच्या टोपलीआड तोंड लपवून मी हसले. आवाज न करता हसणं फार अवघड असतं.

आठव्या दिवशी यिप मास्तर बाजारात आले. पाण्यानं भरलेल्या वाटेवर बुटांचे चवडे टेकवत, छत्री काखेत. चार दिवस ती वर्गाला गेली नव्हती. तिला न्यायलाच आले होते.

ती एका म्हातारीशी हेकरू माशावरून भांडत होती. “शिळा? आजी, डोळे बघा त्याचे! तुमच्या जावयाच्या डोळ्यांत तरी आहे का एवढं तेज?”

“जावयाचं नाव काढू नकोस,” म्हातारी म्हणाली. “बांध तो हेकरू.”

मग सिर्काला मास्तर दिसले. कानापर्यंत लाल झाली आणि तोंड मिटलं ते मिटलंच. झालं, मला वाटलं, गेली ही टाइप करायला.

मास्तरांनी घसा साफ केला. “शेरभर कोळंबी. कशी दिली?”

तिनं सांगितली.

“महाग आहे.”

मी टोपलीआडून तिच्या पोटरीला चिमटा काढला.

“मास्तर,” ती एकदम म्हणाली, “स्वस्त हवी तर समोर जा. तिथं परवाची मिळेल.”

“ए भवाने!” फेईवहिनी ओरडली आणि सगळा बाजार खदखदला.

मास्तरांनी या वेळी डोळे मिटले नव्हते. आलं कुठलं घालू, किती वाफवू, म्हातारीचा जावई करतो काय, असं विचारतच गेले ते. तीही फटाफट उत्तरं देत गेली. शेवटी पुडी छत्रीबरोबर काखेत धरून म्हणाले, “चर्चमध्ये असं बोलू नका. एरवी...” काखेतली छत्री सावरली. “एरवी असंच बोला. परीक्षा झाली.”

मेमध्ये तिला ताई-ओ बेटावरच्या दवाखान्यात पाठवलं. जाताना मी रडले नाही. फेईवहिनी रडली.

माझा आवाज आला, पण पूर्वीचा नाही. शेजारच्या गाळ्यापर्यंतही पोचत नाही. गिऱ्हाइकं ओट्यावर वाकून ऐकतात आता, आणि वाकली की मासा जवळून बघतात. धंदा बरा चाललाय.

मागच्या महिन्यात ताई-ओची एक बाई बाजारात आली होती. माझं बोलणं ऐकता ऐकता कान टवकारून म्हणाली, “आमच्या दवाखान्यातली गोरी बाई अगदी तुमच्यासारखी बोलते हो! माझ्या नवऱ्यानं गोळ्या गटारात टाकल्या, तर एवढी फाडफाड बोलली त्याला, की बाहेर बोटीवरची माणसं उठून उभी राहिली.”

“काय म्हणाली?” मी विचारलं.

बाईनं सांगितलं.

“असं नाही,” मी म्हटलं. “ती म्हणाली तसं म्हणा. मोठ्यानं.”

बाईनं इकडंतिकडं बघितलं, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली. मी सुरा खाली ठेवला, ओले हात एप्रनला पुसले आणि ऐकत उभी राहिले.