न मोजलेली माणसं

सोमवारी सकाळी भूमिगत मेट्रोच्या चारही स्थानकांत मिळून तीन हजार दोनशे माणसं अडकली, कारण मधू आरेकरने ती मोजलीच नव्हती. त्यांच्यासाठी फाटकं उघडेनात, सरकते जिने त्यांना पाय ठेवू देईनात. त्यांच्यात मधूची बायको सुलभाही होती.

आता मधू काही लबाड माणूस नव्हे हो! प्रवासी मोजायच्या पाहणीचं काम त्याच्याकडे आलं, तिथे घोळ झाला. दिवसाला बारा हजार प्रवासी भरले तर मार्ग पुढे वाढवायचा, नाहीतर चार स्थानकांवरच गुंडाळायचा, असं ठरलेलं. आणि पुढच्या वाटेत नेमकं मधूचं घर, म्हणजे ते पाडणार. घरात त्याचे आंधळे वडील, अण्णा. भिंती चाचपत चाळीस वर्षं त्या दोन खोल्यांत वावरलेले. दुसरीकडे नेलं तर म्हातारा महिनाभरही टिकायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून मोजताना तो अधूनमधून माणूस सोडत गेला. आकडा आठ हजार आठशेवर थांबला.

"अहो, मलासुद्धा सोडलंत?" सुलभाने फाटकाआडून विचारलं.

मधूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलो गं," तो म्हणाला, "वाटलं, एका माणसाने काय फरक पडतो!"

"रोज डबा घेऊन तुमच्या समोरून जाते मी."

त्याने मोजायचं यंत्र काढलं. शेवटच्या स्थानकावर रांग लागली. मागच्या स्थानकांतली माणसंही बोगद्यातून चालत आली. पुढे एक नर्स होती. टक्. नर्स जिना चढून गेली आणि बोगद्याच्या टोकाची भिंत हातभर मागे सरली. टक्. आणखी हातभर.

"भिंत सरकली वाटतं," एक मास्तर म्हणाले. "बरं झालं, माझी सोय झाली."

प्रत्येक टक्‌सरशी बोगदा आपल्या घराकडे चाललाय, हे मधूला कळलं. पण अडकलेल्या माणसांच्या डोळ्यांत बघून थांबवेना. सुलभा सगळ्यांना पुढे करत होती. "हिचं बाळ तान्हं आहे, हिला आधी मोजा. या काकांना गोळ्या घ्यायच्यात." संध्याकाळी पाचला ती एकटीच उरली. भिंत आता हिरवी दिसत होती, त्यांच्या स्वयंपाकघराच्या रंगाची. पलीकडे अण्णा खोकले.

"मला नका मोजू," सुलभा हळूच म्हणाली. "मी राहते इथे. खरंच. अण्णांचं जेवण तेवढं बघा."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. मधूला रडू फुटलं. डोळे मिटून त्याने बटण दाबलं.

टक्. सुलभा जिन्यावर पोचली. वळून बघायची तिची हिंमत झाली नाही. भिंत गेली होती. अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते, पाय रुळांवर सोडून. बोगद्यातून गार वारा सुटला, त्यांचं धोतर फडफडू लागलं.

"मधू," त्यांनी विचारलं, "कुठलं स्टेशन आलं रे?"