बाबांचा नंबर

दाराखालच्या फटीतून पाकीट आत सरकलं. खस्सकन. दोरा तुटला म्हणून मी शिलाई मशीन थांबवलं होतं, माझी लेक मुंगी शाळेत होती, आणि घर इतकं गप्प होतं की तेवढ्याशा आवाजानंही मी दचकले.

बँकेचं महिन्याचं पत्रक होतं. मुंगीचे बाबा गेल्यावर त्यांच्या कंपनीने दिलेले पैसे आमच्या दोघांच्या खात्यात पडून होते. त्या पैशांच्या भरवशावर मी दोन वर्षांचं घरभाडं धरलं होतं. आता तिथे आठवड्याची भाजी येईल एवढेच उरले होते.

बँकेतल्या बाईंनी स्क्रीनवर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, सगळं ऑनलाइन झालंय. पासवर्ड नवा केलाय, दर वेळी ओटीपी बरोबर टाकलाय. हा नंबर तुमचाच ना?"

"माझ्या मिस्टरांचा."

"मग त्यांना विचारा की."

"ते नाहीत. पुढच्या महिन्यात वर्ष होईल."

बाईंनी माऊसवरचा हात काढून घेतला. "आणि सिम?"

"रिचार्ज करणं सोडून दिलं. वापरणारंच कोणी नाही, तर..."

"बंद नंबर तसाच पडून राहत नाही, ताई. काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्या कुणाला तरी देते. त्याआधी खात्यातला नंबर बदलून घ्यायचा असतो."

हे दादाने मला सतराशे साठ वेळा सांगितलं होतं. फॉर्म मी दोनदा घरी आणलाही होता. त्यात कारणाचा एक रकाना होता. तो भरायला बसले की हात अडायचा, आणि फॉर्म पुन्हा बटणांच्या डब्याखाली जायचा.

"पण नुसत्या नंबरावर एवढं होत नाही," बाई म्हणाल्या. "जन्मतारीख लागते, कार्डावरचे आकडे लागतात. कार्ड कुठेय?"

"कपाटात. त्यांच्या पाकिटात."

"मग कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही!" मी इतक्या जोरात म्हणाले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

बाईंनी खातं गोठवलं, तक्रारीचा कागद दिला. पैसे परत मिळतील का, यावर "बघू या" म्हणाल्या, तेही माझ्याकडे न बघता.

दादाला फोन केला. "शाबास! लोकांच्या पँटींना डबल शिवण घालतेस आणि स्वतःच्या खात्याला साधा टाका नाही?" मग आवाज उतरवत म्हणाला, "रडू नकोस. संध्याकाळी येतो मी. जेवलीस का?"

घरी येऊन तक्रार लिहायला घेतली. त्या नंबरावर शेवटचा फोन कधी लावला, असं एका ओळीत विचारलं होतं. मी तर लावलाच नव्हता. तरी फोनमधली कॉलची यादी उघडली. एरवी मी ती बघत नाही, मला फोन करणार कोण? यादीत 'मुंगीचे बाबा' अकरा वेळा होते. कधी चार मिनिटं, कधी सात. सगळे दुपारी उशिराचे, शाळा सुटल्यावर मी पुन्हा मशीनवर बसते तेव्हाचे.

मुंगी शाळेतून आली, बूट काढायला खाली बसली.

"मुंगे, माझ्या फोनवरून बाबांना फोन केला होतास?"

"हो! तूच म्हणालीस ना, बाबा खूप लांब गेलेत. मग लांबच्यांना फोनच करतात."

"कोण बोललं?"

"बाबा. आधी म्हणाले, कोण पाहिजे? मी म्हटलं, बाबा, मी मुंगी. मग थोडा वेळ गप्पच. मग म्हणाले, हं, बोल बाळा. सर्दी झाली होती त्यांना, आवाज घोगरा होता."

"काय विचारायचे?"

"माझा वाढदिवस आठवतो का, असं विचारलं. मी वर्षासकट सांगितला. मग म्हणाले, माझ्या कार्डावरचे आकडे वाचता येतात का तुला? आई, एकही चुकले नाही मी!"

एका पायात बूट, एक पाय मोकळा, अशी ती शाबासकीची वाट बघत राहिली.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"बाबा म्हणाले, नको सांगूस. तू रडतेस हे मीच सांगितलं होतं त्यांना."

मी तिला मांडीवर घेतलं. फॉर्मात लिहवलं नव्हतं, ते आता तोंडाने सांगावं लागलं. बाबा लांब नाही गेले, बाबा वारले. वारलेल्या माणसाला फोन लागत नाही. तो दुसराच कुणी होता, चोर होता, आपले पैसे घेऊन गेला. आणि यात तुझी काही चूक नाही, सगळी माझी आहे.

ती रडली नाही. माझ्या बाहीला चिकटलेले दोऱ्यांचे तुकडे एकेक करून काढत बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी हत्तीचा विनोद सांगितला ना, तेव्हा ते खूप हसले होते. परत सांग, म्हणाले."

मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

"आई, चोर होता, तर मग परत सांग कशाला म्हणाला?"