तिसऱ्या अंकातला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. माझ्या मागे घर नाही आणि पुढे अंगणही नाही, कारण मित्रांनो, मी नाटकातला दरवाजा आहे. मला चौकट आहे, दोन फळ्या आहेत, लोखंडी कडी आहे आणि मागच्या बाजूला पडू नये म्हणून लावलेले दोन टेकू आहेत. सध्या मी जर्मनीतल्या बॉबलिंगेन गावी, एका इमारतीच्या तळघरात, हिवाळी टायरांच्या शेजारी पडून आहे. ते टायर निदान थंडीत तरी बाहेर जातात. मला बाहेर जाऊन नऊ महिने झाले आणि आता कोणी नेईल अशी आशाही उरलेली नाही.

माझा जन्म २००३ सालचा. जयंत आणि श्रीधर या दोघांनी मला घडवलं. दोघेही पुण्याचे, इथे मोटारींचे भाग डिझाइन करणारे इंजिनियर. सुताराने अर्ध्या दिवसात उरकलं असतं अशा कामाला त्यांनी सहा शनिवार लावले. आधी माझं ड्रॉइंग काढलं, त्यावर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मापं टाकली आणि श्रीधरच्या गाडीत मी मावावं म्हणून माझे नऊ तुकडे पाडले. कडी मात्र त्यांना इथली पसंत पडेना. इथली दारं गुपचूप मिटतात.

"श्री, कडी वाजली पाहिजे," जयंत म्हणाला. "कोणीतरी आलंय हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळायला हवं."

म्हणून पुण्याच्या बोहरी आळीतून कडी आणली. विमानतळावर तिच्यासाठी जयंतची बॅग दोनदा उघडली गेली. जयंतच्या बायकोने, शोभनाने, मला हिरवा रंग दिला आणि त्या दिवशी मी स्वतःला फार मोठा समजू लागलो.

पहिली दोन वर्षं सुखाची गेली. कधी बॉबलिंगेन, कधी र्युसेल्सहाइम, कधी इंगोलश्टाट. जिथे पन्नास मराठी माणसं जमतील तिथे आमची एकांकिका होई. मला गाडीत आडवं घालून नेत, हॉलवर पोचलं की क्रमांक बघून जोडत. प्रयोग संपल्यावर बायका येऊन माझी कडी वाजवून बघत आणि म्हणत, "अगदी आमच्या माहेरचं दार." तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

पुढे माणसं वाढली. दरवर्षी पुण्यामुंबईहून नवी कुटुंबं येत होती, दिवाळीला हॉल अपुरा पडू लागला होता. तुम्हाला वाटेल, नाटकाला चांगले दिवस आले असतील. झालं उलटंच. एकांकिकेचं वीस मिनिटांचं प्रहसन झालं, मग दहा मिनिटांचं, आणि मग सिनेमातल्या गाण्यांवरचे नाच आले. र्युसेल्सहाइमचं मंडळ बंद पडलं. इंगोलश्टाटहून फोन आला, की या वेळी दरवाजा नको, नाचायला जागा लागते.

"माणसं वाढतायत आणि त्यांच्याबरोबर वाळवंटही वाढतंय," जयंत एकदा शोभनाला म्हणाला.

तरीही त्याने एक तीन अंकी नाटक लिहायला घेतलं. त्यामागचं कारण मी सांगतो, कारण ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. मिरजेला राहणारे त्याचे वडील आत्मारामपंत दर मे महिन्यात त्याची वाट बघत. हा दर वेळी कामाचं निमित्त सांगून तिकीट पुढे ढकलत राहिला. २००६ साली अखेर तो पोचला, पण वडिलांना जाऊन तीन दिवस झाले होते. नाटकात एक म्हातारा दोन अंक माझ्याकडे बघत बसतो. दोन अंक मी बंदच असतो. तिसऱ्या अंकात कडी वाजते, मी उघडतो आणि त्याची मुलगी आत येते. ती म्हणते, "बाबा, मी आले. उशीर झाला का?" म्हातारा म्हणतो, "नाही गं. आत्ताच तर दिवा लावला." जयंतला हे उत्तर एकदा कानांनी ऐकायचं होतं. बस, एवढंच.

म्हातारा झाला श्रीधर. मुलीच्या कामाला जयंतने आपल्या तेरा वर्षांच्या शमिकाला घेतलं. शमिकाला मराठी सगळं कळे, पण उत्तर ती जर्मनमध्येच देई.

"दोनच वाक्यं आहेत, पिल्लू," जयंत म्हणे.

"इश वाइस, पापा," ती म्हणे. माहीत आहे, बाबा. पण शाळेतून आली की माझ्यासमोर उभी राहून ती दोन वाक्यं ती हळूच घोळवत बसे. मी ऐकलंय.

२००८च्या दिवाळीत प्रयोग ठरला. हॉल संध्याकाळी सहापर्यंत आपला होता. आणि इथे जयंतने एक चूक केली. ही सगळी माणसं एरवी कचेरीत घड्याळाच्या ठोक्याला हजर, पण आपल्या कार्यक्रमाला तासभर उशिरा येणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून नाटक तीनला ठेवून निमंत्रणावर त्याने दोन छापले. लोकही हुशारच. निमंत्रणावर दोन म्हणजे खरे तीन आणि तीन म्हणजे चार, असं गणित घरोघर झालं.

तीन वाजता समोर अकरा माणसं होती. त्यांत इंगोलश्टाटहून तीन गाड्या बदलून आलेलं एक वयस्क जोडपं होतं.

"अहो, सुरू करा ना," शोभना म्हणाली. "जे आलेत त्यांच्यासाठी करा."

"अकराजणांसमोर? थांबू अजून दहा मिनिटं."

दहाची वीस झाली, वीसची चाळीस. ते जोडपं दोनदा घड्याळ बघून परतीची गाडी चुकू नये म्हणून उठून गेलं. जयंतला मात्र खुर्च्या भरलेल्या हव्या होत्या. पडदा उघडला तेव्हा सव्वाचार झाले होते. पहिला अंक चालू असतानाही माणसं येतच होती, एकमेकांना शुभेच्छा देत होती. तरी श्रीधरने जीव ओतून काम केलं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी हॉल खरोखरच गप्प झाला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. पडदा पडला तेव्हा साडेपाच झाले होते.

तेवढ्यात हॉलची देखभाल करणारा जर्मन गृहस्थ विंगेत आला आणि घड्याळावर बोट ठेवून म्हणाला, "उम झेक्स इस्ट श्लुस." सहाला बंद. त्याच्या मागोमाग मंडळाचे सचिव पद्माकर आले.

"जयंत, सहाला किल्ली द्यायचीय. अजून पानं मांडायचीत, झाडलोट करायचीय."

"पंचवीस मिनिटं लागतील फक्त."

"गेनाऊ, बरोबर तेवढीच उरलीत. जेवण राहिलं तर लोक मला फाडून खातील."

पद्माकरांनी पडद्यापुढे जाऊन सांगितलं, की वेळेअभावी तिसरा अंक होणार नाही, जेवण तयार आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, त्या टाळ्या वाईट मनाने वाजवलेल्या नव्हत्या. माणसं भुकेली होती. पण माझ्या फळ्या आजही त्या टाळ्या विसरलेल्या नाहीत.

शमिका माझ्या मागे कडीवर हात ठेवून उभी होती. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. जयंत माझ्या पुढच्या बाजूला मला सोडवायला पाना घेऊन आला. तेव्हा कडी वाजली, आणि मागून ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबा, मी आले. उशीर झाला का?"

जयंतने ऐकलं. त्याचा हात माझ्या चौकटीवर होता. मग तो खाली बसला आणि चौकटीचा खालचा बोल्ट सोडवू लागला.

त्यानंतर त्याने एक ओळही लिहिली नाही. शमिका सायकल काढायला तळघरात येते, आई हाक मारते तेव्हा जर्मनमध्ये ओ देते आणि निघून जाते. या गुरुवारी नको असलेलं मोठं सामान उचलायला पालिकेची गाडी येणार आहे. माझ्या चौकटीवर जयंतच्या अक्षरात तशी चिठ्ठी लागली आहे.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही. ते आता होणार नाही. मागणं एवढंच, की कोणी नाटकाला बोलावलं तर वेळेवर जा. आणि नाटक तुम्ही करणार असाल, तर जे आले आहेत त्यांच्यासमोर सुरू करा, मग ते अकराच का असेनात. न आलेल्यांची वाट बघत बसलात, तर दाराआड कोणीतरी आपली दोन वाक्यं घेऊन उभं राहतं, आणि सहा वाजतात.