डावा बंब

“आधी त्याला जरा जागं करावं लागतं,” ती म्हणाली. “एकदम फुंकलंत तर रुसतो.”

दुरुस्तीवाल्याने ओठांपर्यंत नेलेला ट्यूबा, बँडमधला तो सगळ्यात मोठा कर्णा, पुन्हा मांडीवर टेकवला. लोक आपापल्या वाद्यांचे लाड कसे करतात, याची त्याला सवय होती.

“जागं करायचं म्हणजे?”

“नुसता श्वास सोडायचा आत. सूर काढायचाच नाही. तांबं उबदार झालं की आपणहून हुं म्हणतं.”

त्याने तसं केलं. शिवणाच्या त्या खोलीत दुपार पेंगुळली होती. तारेवर अर्धवट शिवलेले गणवेशाचे कोट टांगलेले होते, आणि खिडकीतून आलेलं ऊन ट्यूबाच्या रुंद तोंडात गोळा होऊन बसलं होतं. थोड्या वेळाने खरोखरच एक बारीक हुंकार उठला. मशीनवरच्या ताटलीतल्या टाचण्या थरथरल्या. दुरुस्तीवाल्याच्या भुवया वर गेल्या आणि ती खुशीत हसली, पोराने पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागावं तशी.

“आता खोड्या सांगते. मधली कळ कणभर आधी दाबायची, ती आळशी आहे. पाणी डाव्या गुडघ्यावर गळतं, तेव्हा तिथे फडकं हवंच. आणि सगळ्यात खालचा सूर उशिरा येतो. आपण फुंकायचं आणि वाट बघायची. घाई केलीत की फुस्स.”

“मग बँडमध्ये कसं जमतं?”

“थांबतात सगळे! बँडमास्तर काठी खाली आणतात आणि आभाळाकडे बघत बसतात.”

यात अतिशयोक्ती नव्हती. बागेतल्या चौथऱ्यावर दर रविवारी वाजणारा तो हौशी बँड तिच्या खालच्या सुरासाठी अंमळ थांबायला कधीच शिकला होता. ऐकणाऱ्यांनाही ती सवय झाली होती. बाकांवर बसलेली माणसं त्या क्षणी बोलता बोलता गप्प होत, आणि सूर आला की पुन्हा बोलू लागत.

गेल्या हिवाळ्यात ती जिन्यावरून घसरली आणि डावं मनगट मोडलं. हाड सांधलं, पण दोन बोटं बधिर झाली ती झालीच. कात्री ती कशीबशी उजव्या हाताने चालवायला शिकली. कळांपुढे मात्र तिने हात टेकले. बँड खालच्या सुराविना लंगडा झाला. बेकरीवाला शिकायला तयार होता, फुप्फुसंही त्याची दणकट. पण तो उजवा, आणि या ट्यूबाच्या कळा डाव्या हाताच्या. शेवटी बँडमास्तरांनी चाचरत विचारलं, कळा फिरवून घ्यायच्या का? ती पटकन ‘घ्या की’ म्हणून गेली. तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

“कापावा लागेल,” दुरुस्तीवाला नळ्यांवरून बोट फिरवत म्हणाला. “इथून आणि इथून. मग सगळं उजवीकडे घेता येईल. काळजी करू नका ताई, नव्यासारखा वाजेल. खालचा सूरसुद्धा वेळेवर येईल.”

हे शेवटचं वाक्य तिच्या जिव्हारी लागलं.

“कुणाच्या हातचा आहे? हातोडीची ठोक फार देखणी आहे.”

“माझ्या वडिलांच्या. तांबट होते ते, अंघोळीच्या पाण्याचे बंब करायचे. म्हणून तर सगळे याला बंबच म्हणतात. खरा ट्यूबा त्यांनी कधी हातातसुद्धा घेतला नव्हता. तो फोटो समोर ठेवला आणि ठोकत बसले.” भिंतीवर चौकटीत एक जुना फोटो होता, कोट घालून रांगेत बसलेल्या बँडवाल्यांचा. “आणि डावा केला माझ्यासाठी. मी डावरी ना.”

हे वाक्य तिने जन्मभरात इतक्यांदा उच्चारलं होतं, की त्या जागी आवाज आपोआप उंच व्हायचा. शाळेत, सासरी, शिवणाच्या क्लासात, जिथे जिथे तिच्या डाव्या हाताला कुणी नाक मुरडलं, तिथे तिने हे वाक्य पुढे केलं होतं.

दुरुस्तीवाला फोटोजवळ गेला. “गंमत आहे. यातलाही डावाच दिसतोय. मी तर आजवर दुसरा डावा पाहिला नाही.”

“काहीतरीच! बघू.”

तिने चष्मा चढवला. हा फोटो ती लहानपणापासून बघत होती, म्हणजे खरं तर बघत नव्हती. तिची नजर सवयीने कोटांवर गेली आणि तिथेच अडकली.

“अगंबाई! सगळ्यांनी बायकी कोट घातलेत!”

“म्हणजे?”

“पुरुषांच्या कोटाला बटणं उजव्या अंगाला लागतात. इथे बघा, सगळ्यांची डावीकडे.” ती खळखळून हसली. “मिशा एवढाल्या आणि कोट बायकी!”

मग हसणं मध्येच थांबलं. एवढे सगळे शिंपी एकदम कसे चुकतील? फोटोच उलटा छापला होता. उजवं ते डावं झालं होतं. वडिलांनी दिसलं तसं इमानदारीत ठोकलं होतं, आणि त्याच्याशी तिचा काहीएक संबंध नव्हता.

ती मशीनसमोरच्या खुर्चीत बसली. “म्हणजे माझ्यासाठी नव्हताच,” ती म्हणाली. तिला फार एकटं वाटलं, म्हातारपणी कुणी येऊन आपलं नावच काढून घ्यावं तसं.

दारात तिचा नवरा चहाचा ट्रे घेऊन उभा होता. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होता. अजूनही बोलण्याआधी एकदा खाकरायचा.

“मला ठाऊक होतं,” तो म्हणाला.

“काय ठाऊक होतं?”

“फोटोचं. लग्नाआधी तुझ्या बाबांनीच सांगितलं. म्हणाले, तिने विचारलं तरच सांगा. तू विचारलंच नाहीस.”

“एरवी तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही! आणि हे बरं भिजलं!”

त्याने ट्रे खाली ठेवला. “ऐक तरी. बंब झाला तेव्हा तुझा पत्ताच नव्हता. वाजवायला गेले तर कुणाच्या हाताला येईना. सगळे इतके हसले, की त्यांनी तो कारखान्यात खुंटीला टांगला. त्यात कोंबडी अंडी घालायची. मग तू झालीस. चमचा धरायच्या वयाची झालीस तेव्हा डाव्या हातात धरायला लागलीस. घरच्यांनी तो हात फडक्याने बांधून टाकला. बाबा कामावरून आले, फडकं सोडलं आणि म्हणाले, हात मोकळा ठेवा तिचा, माझं वाद्य वाजवणारी आलीय. त्याच दिवशी बंब खाली काढून चिंचेने लख्ख घासला म्हणे.”

चहावर साय धरत होती.

“मग ते खोटंच बोलले की,” ती हळूच म्हणाली.

“खोटं कसलं? वाद्य तुझंच होतं. तू यायला जरा उशीर केलास, एवढंच.”

तिने डोळे पुसले नाहीत. उठून तिने बंब मांडीवर घेतला, गुडघ्यावर फडकं टाकलं आणि आत नुसता श्वास सोडत राहिली. तांबं उबदार झालं. डावी बोटं तिने कळांवर ठेवली. ती तिथे होती, पण दाबत नव्हती.

नवऱ्याने गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं आणि तिच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला.

“हे काय आता?”

“दर रविवारी समोरच्या बाकावर बसतो मी. सुरातलं मला काही कळत नाही, म्हणून तुझी बोटंच बघत आलो. पाठ आहेत.”

त्याने उजवा हात पुढे केला. समोरून तो नेमका कळांवर पडला. आयुष्यभर तिकिटं फाडलेली ती जाड बोटं तिच्या बोटांवर टेकली.

तिने फुंकलं. भलताच घोगरा सूर निघाला.

“मधली आधी हो! आळशी आहे ती!”

“बरं बरं. ओरडू नकोस.”

पुन्हा फुंकलं. एकेक सूर नीट, जरा अडखळत खाली उतरू लागला. शेवटच्याला तिने छाती भरून श्वास सोडला आणि दोघं थांबले. दुरुस्तीवालाही करवतीच्या पिशवीवर हात ठेवून थांबला. खोलीत नुसतं ऊन होतं. मग तो सूर आला, आधी जमिनीतून आणि मग सगळीकडून. ताटलीतल्या टाचण्या एकमेकींवर किणकिणल्या, तारेवरच्या कोटांच्या मोकळ्या बाह्या हलल्या.

बऱ्याच वेळाने दुरुस्तीवाल्याने विचारलं, “मग ताई, कळांचं काय करू?”

“मधलीला तेल घाला थोडंसं,” ती म्हणाली. “फार नको. तिची सवय मोडायला नको.”

नवऱ्याने हात काढला नव्हता. खालची आपली बोटं तिनेही काढून घेतली नाहीत.