तात्यांचा पासवर्ड

ऐक तर गड्या, मधी बोलू नगंस. अवधूतच्या कुपवाडच्या वर्कशॉपात दोन जुने कॉम्प्युटर हायत. सगळी ड्रॉइंगं त्याच्या वडलांच्या, तात्यांच्या मशीनवर, तितनंच शेअर हुत्यात. तात्या परवा गेले. सुतक म्हनून अवधूतनं त्यांचं मशीन बंद केलं, आन आज चालू केलं तर पासवर्ड मागतंय! कुनालाच ठावं न्हाई. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फोल्डर उघडंना, कामगार नुसते उभे. संध्याकाळपातूर पार्ट न्हाई गेले तर काम दुसऱ्याकडं जानार. मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, म्हनून अवधूतनं मला बोलावलं. मी म्हनलं, "जुना पासवर्ड पुसतो, नवा टाकतो." तवर मागच्या घरातनं अवधूतची आई, उमाकाकू, दारात आल्या. "त्यांनी लावल्यालं कुलूप दहाव्याच्या आदी तोडतोस व्हय रं?" अवधूतनं कीबोर्ड माझ्याकडं सरकवला. मला म्हनला, "तूच ठरीव." सांग, तू काय केलं असतंस?