काचेखालची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. मालाडच्या दुकानात मला कापले, कडा घासल्या आणि अंधेरीच्या एका मोठ्या रुग्णालयात, चादरी-ब्लँकेटांच्या खोलीतल्या टेबलावर आणून ठेवले. माझ्याखाली एकवीरेचा फोटो आला, सुट्ट्यांची यादी आली. कॉम्प्युटर आल्यावर सगळ्यांच्या पासवर्डच्या चिठ्ठ्याही आल्या. कुणी अडले की लोक म्हणत, "काचेला विचार." मला केवढा मान वाटे!

त्यातली एक चिठ्ठी द्रौपदीमावशीची. वीस वर्षे इथल्या चादरी धुतल्यावर, पन्नाशीत, नातीच्या पाटीवर ती अक्षरे शिकली आणि या टेबलावर नोंदी करायला बसली. तिने स्वतः लिहिलेली पहिली इंग्रजी अक्षरे त्या चिठ्ठीवर होती.

एके दिवशी चाळीस ब्लँकेटे भलत्याच वॉर्डात गेली. ऑपरेशन झालेले पेशंट कुडकुडत राहिले. नोंद मावशीच्या नावावर निघाली, तसे खात्याचे साहेब टेबलापाशी आले.

"साहेब, मी तेव्हा जेवायला गेले होते."

"पासवर्ड तुमचा, चूकही तुमची. उद्यापासून परत धुलाईत."

मी सगळे पाहिले होते, पण काचेला तोंड कुठे? मावशी डबा आवरू लागली. तेव्हा शेजारचा नितेश उठला. "साहेब, माझा पासवर्ड चालेना. समोर मावशीची चिठ्ठी दिसली, तिच्यावरचा टाकला. घाईत वॉर्ड चुकला."

मावशीची खुर्ची वाचली. महिन्याभरात रुग्णालयाने पासवर्डच बंद करायचे ठरवले. कॉम्प्युटरवाल्या अनुपमा मॅडम बोटाएवढ्या किल्ल्या घेऊन आल्या. किल्ली यंत्रात लावायची आणि मनातले चार आकडे दाबायचे. नुसते आकडे किंवा नुसती किल्ली असून भागणार नाही.

"मावशी, ही पण काचेखाली सरकव ना," नितेश हसला.

"गप रे! घराची किल्ली काचेखाली ठेवतोस काय तू?"

मावशीने ती कमरेच्या छल्ल्यात, घराच्या किल्लीशेजारी अडकवली. मग मला उचलून चिठ्ठी काढली. दमट हवेने कागद मला चिकटला होता. तो निघाला, पण शाईची अक्षरे माझ्या अंगावर राहिली. मावशीने पदर ओला केला आणि थांबली.

"राहू देत," ती म्हणाली. "आता त्यांनी कुठलंच दार उघडत नाही."

आज साऱ्या रुग्णालयात एकही पासवर्ड उरला नाही. सुरुवात माझ्या टेबलापासून झाली. मित्रांनो, माझ्याखाली देव ठेवा, नातवंडांचे फोटो ठेवा. किल्ली मात्र स्वतःजवळ ठेवा. आणि मला पुसताना तो कोपरा तेवढा सोडा. तिथे मावशीचे अक्षर आहे.